माडाच्या पानांतला भुंगेरा

पॅसिफिक महासागराच्या दक्षिण भागांत फिजी नांवाचा बेटांचा समूह आहे. लहानमोठीं मिळून तीनशेंहून अधिक बेटें, आणि त्यांपैकीं माणसांची कायमची वस्ती असलेलीं सुमारें शंभर. व्हिटी लेव्हू व व्हानुआ लेव्हू हीं दोन मोठीं. बाकीचीं कित्येक इतकीं चिमुकलीं कीं, एका किनाऱ्यावर माडावरून नारळ पडला तर दुसऱ्या किनाऱ्यावर त्याचा आवाज ऐकूं यावा. १० ऑक्टोबर १८७४ रोजीं तेथील सरदारांनीं हा समूह इंग्रजांच्या स्वाधीन केला, आणि १९७० सालीं तो पुन्हां स्वतंत्र झाला. फिजीचें नांव निघालें कीं आपल्या लोकांना ऊंस आणि गिरमिटी मजूर आठवतात, व तें साहजिकच आहे; कारण १८७९ सालीं ‘लिओनिडास’ जहाजानें पहिले हिंदुस्थानी मजूर तेथें नेले आणि पुढें सदतीस वर्षें ही भरती चालली. परंतु उसाचे मळे मुख्यतः मोठ्या बेटांवर, साखरेच्या कारखान्यांच्या आसपास. दूरच्या लहान बेटांवर ऊंस नाहीं, कारखाना नाहीं, बाजारपेठहि नाहीं. तेथें आहे तो माड.

माडाचें महत्त्व कोंकणांतल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाहीं. झावळ्यांनीं घर शाकारावें, हिरांचे खराटे करावे, करवंट्या चुलींत घालाव्या आणि खोबऱ्यावर संसार चालवावा, हा क्रम मालवणांत जसा आहे तसाच थोड्या फरकानें फिजींतहि आहे. तेथील भाषेंत नारळाला ‘निउ’ म्हणतात. ओल्या खोबऱ्याच्या दाट रसाला ‘लोलो’ म्हणतात, आणि त्याच्यावांचून मासळी किंवा कंदमूळ शिजत नाहीं. काथ्याची वळलेली ‘मागीमागी’ नांवाची दोरी घराच्या वाशांना बांधतात. जुन्या घरांत लोखंडी खिळ्याचें काम तीच करीत असे. याशिवाय सुकें खोबरें हा बाहेर पाठविण्याचा माल. गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनीं १८७५ नंतर जी करपद्धति घातली, तींत गांवकऱ्यांनीं कर पैशांत न भरतां मालाच्या रूपानें भरावयाचा होता, आणि या मालांत खोबरें हें एक प्रमुख होतें. म्हणजे माडाला आलेली कीड ही तेथें केवळ बागायतदाराची तक्रार राहत नसे. ती थेट सरकारी दप्तरांत जाऊन पोंचत असे.

त्या दप्तरांत ज्या किडींचीं नांवें आलीं, त्यांतील एक भुंगेरा या निबंधाचा विषय आहे. त्याचें शास्त्रीय नांव प्रोमेकोथेका कोएरुलिपेनिस. दुसऱ्या शब्दाचा अर्थ निळ्या पंखांचा. हा पर्णभक्षक भुंगेऱ्यांच्या विस्तीर्ण कुळांतला असून मूळचा फिजी व आसपासच्या बेटांचाच रहिवासी आहे. आपल्याकडे माडाचा वैरी म्हटला कीं गेंड्या भुंगा किंवा सोंड्या भुंगा डोळ्यांपुढें येतो. ते दोघे दांडगे. एक शेंड्याचा कोवळा कोंब फोडतो, दुसरा खोडांत शिरून तें पोखरतो. फिजीचा हा भुंगेरा त्यांच्यापुढें अगदींच किरकोळ दिसतो. लांबी सुमारें तृतीयांश इंच, अंग सडपातळ, चाल मंद. तो पानाच्या खालच्या बाजूस बसून बारीक समांतर रेघा ओढल्याप्रमाणें पान खरवडून खातो. एवढ्यानें माडासारख्या वृक्षाचें फारसें बिघडत नाहीं.

खरें नुकसान करते ती त्याची अळी. मादी पानाच्या पातीवर एकेक अंडें घालते आणि चघळलेल्या पानाच्या चोथ्याची टोपी करून तें झांकून टाकते. अंड्यांतून निघालेली अळी उजेड पाहतच नाहीं. ती तेथल्या तेथें पानाचा पापुद्रा भेदून आंत शिरते. नारळाचें पान आपल्याला पातळ वाटतें, पण त्याच्या वरच्या व खालच्या त्वचेमध्यें हिरवा गर असतो, आणि तेवढ्या जागेंत ही अळी आयुष्य काढते. गर खात खात ती पुढें सरकते व मागें दोन कोरड्या पापुद्र्यांची पोकळी ठेवते. त्याच पोकळींत तिचा कोष होतो. पूर्ण वाढलेला भुंगेरा कोषांतून निघाला म्हणजे पापुद्रा कुरतडून बाहेर पडतो. अळ्या थोड्या असल्या तर पातीवर चारदोन तपकिरी डाग दिसतात. त्या फार झाल्या म्हणजे डाग डागाला मिळतो, संपूर्ण झावळी वाळते, आणि दुरून पाहणाऱ्यास वाटावें कीं बागेंतून वणवा गेला आहे. मग कोंवळीं फळें गळतात. माड सहसा मरत नाहीं. पण नवी पालवी फुटून पुन्हां भरघोस घड धरीपर्यंत मोठा काळ जातो, आणि तोंवर मालकाच्या हातीं कांहीं लागत नाहीं.

शतकानुशतकें हा भुंगेरा फिजींत होता व त्याची कोणी दखल घेतली नव्हती, कारण त्याला खाणारेहि तेथेंच होते. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यांतले, तांदळाच्या कणीएवढे कांहीं कीटक आपलीं अंडीं या भुंगेऱ्याच्या अंड्यांत अथवा अळींत घालतात. त्यांचीं पिल्लें यजमानाला आंतून किंवा बाहेरून खाऊन वाढतात. यांना परोपजीवी कीटक म्हणतात. एक जात अंड्यांवर टपलेली, दुसरी अळ्यांवर. त्यांच्या पहाऱ्यांत भुंगेऱ्यांची संख्या मर्यादेंत राहत असे.

या भुंगेऱ्याच्या आधीं फिजीच्या माडांवर आणखी एक संकट येऊन गेलें होतें, आणि पुढील गोष्ट समजण्यासाठीं तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. लेव्हुआना नांवाच्या एका लहान पतंगाच्या सुरवंटांनीं १८७७ च्या सुमारापासून व्हिटी लेव्हू बेटावरील माड उघडेबोडके करून सोडले होते. जवळ जवळ अर्धें शतक त्या मोठ्या बेटावर नारळाचें धड पीक आलें नाहीं. झावळ्या तोडून जाळणें, विषारी औषध मारणें असले उपाय झाले व फसले. साठ-सत्तर फूट उंच झाडाच्या शेंड्यावर औषध मारणार कोण आणि किती झाडांवर? शेवटीं जे. डी. टॉटहिल यांच्या नेतृत्वाखालीं टी. एच. सी. टेलर व आर. डब्ल्यू. पेन या कीटकशास्त्रज्ञांनीं बाहेरून शत्रु आणण्याचा मार्ग धरला. १९२५ सालीं टेलर यांनीं मलायांतून एका दुसऱ्या पतंगाचे सुमारें २०,००० सुरवंट, जिवंत माडांच्या रोपांवर बसवून, पिंजऱ्यांतून जहाजावर चढविले. त्या सुरवंटांच्या पोटांत एका परोपजीवी माशीचीं पिल्लें होतीं. पंचवीस दिवसांचा समुद्रप्रवास संपला तेव्हां सुव्हा बंदरांत ३१५ माश्या जिवंत उतरल्या. वीस हजारांतून तीनशें पंधरा! पण तेवढ्या पुरल्या. त्यांच्या संततीनें वर्षाच्या आंतबाहेर लेव्हुआनाचा जोर मोडला, आणि १९३० सालीं तिघांनीं मिळून या मोहिमेचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

या यशामुळें बागायतदारांचा असा समज झाला असल्यास नवल नाहीं कीं, कीड आली तर परक्या देशाहून तिचा शत्रु आणावा आणि सोडून द्यावा, कीं काम झालें. नंतर भुंगेऱ्याचा उपद्रव वाढूं लागला तेव्हां मात्र हें गणित तितकें सोपें राहिलें नाहीं. लेव्हुआनाचे शत्रु फिजींत नव्हते, म्हणून ते आणले. भुंगेऱ्याचे शत्रु तर पूर्वीपासून घरींच होते! मग पहारेकरी जागेवर असतां चोरी होते कशी? ज्या बागांत पूर्वी पानागणिक एखादा डाग दिसे, त्या बागा आतां एकाएकीं करपूं लागल्या. त्यांत जगभर मंदीचे दिवस. खोबऱ्याचा भाव कोसळलेला. आधींच कमी दाम, आणि विकावयास माल नाहीं, अशा दुहेरी पेंचांत लहान बेटांवरचीं कुटुंबें सांपडलीं.

या कोड्याचा उलगडा करण्याचें काम टेलर यांनीं अंगावर घेतलें. त्यांनीं प्रथम कोठून काय आणावें हा विचार बाजूस ठेवला आणि करपलेल्या झावळ्याच तपासावयास घेतल्या. पाती फाडून आंत किती अळ्या आहेत, किती लहान, किती मोठ्या, किती कोष, किती जिवंत व किती मेलेल्या, मेलेल्या असल्यास कशानें, असा हा हिशेब होता. काम कंटाळवाणें खरें, परंतु सगळें रहस्य त्या मोजदादींत होतें. निरोगी बागेंत एकाच झाडावर अंडीं, अळ्या, कोष आणि भुंगेरे हे सर्व एकाच वेळीं मिळत. फिजींत कडक हिंवाळा नाहीं, तेव्हां भुंगेऱ्याच्या पिढ्या बारा महिने एकींत एक मिसळून चाललेल्या असतात. उलट करपणाऱ्या बागेंत एका वेळीं एकच अवस्था सांपडे. कांहीं आठवडे सगळीकडे अंडींच; पुढें कांहीं आठवडे सगळीकडे अळ्याच; त्यानंतर नुसते कोष; आणि मग नुसते भुंगेरे. जणूं बागेंतल्या सर्व भुंगेऱ्यांचा जन्मदिवस एकच!

असें कां व्हावें? याचें उत्तर एका तिऱ्हाईत जीवाजवळ होतें. कोळी आणि गोचीड यांच्या नात्यांत ‘माइट’ नांवाचे अतिसूक्ष्म प्राणी येतात. त्यांतील एक जात पेंढा व धान्य यांच्या कोठारांत आढळते. न्यूपोर्ट नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८५० सालीं तिचें प्रथम वर्णन केलें. धान्याच्या कोठारांत वावरणाऱ्या मजुरांच्या अंगावर जो खाजरा पुरळ उठतो, त्याचें एक कारण ही जात होय. माणसाला ती नुसती चावते. कीटकांच्या अळ्यांना मात्र तिचा दंश प्राणघातक ठरतो. हिची रीत मोठी विलक्षण आहे. डोळ्यांना जेमतेम दिसणारी मादी अळीच्या अंगाला चिकटते, तिला विषानें लुळी करते, आणि तिचा रस शोषतां शोषतां स्वतःचें पोट टिचभर फुग्यासारखें फुगवीत नेते. त्या फुगलेल्या पोटांतच तिचीं पिल्लें पूर्ण वाढतात आणि शेंदोनशेंच्या संख्येनें बाहेर पडतात. नर आधीं जन्मतात व आईच्या अंगावरच ठाण मांडून पाठोपाठ जन्मणाऱ्या मादींची वाट पाहतात. म्हणजे जगांत पाऊल टाकतांना मादी पुढच्या पिढीच्या तयारीनेंच निघते. असा प्राणी किती झपाट्यानें वाढत असेल याची कल्पना करावी.

हा माइट फिजीचा रहिवासी नव्हता. माणसाच्या येण्याजाण्याबरोबर तो नकळत तेथें पोंचला होता. कोरड्या ऋतूंत त्याला दिवस अनुकूल येत, आणि भुंगेऱ्याच्या पानांतल्या पोकळ्या हें त्याला आयतें घर व आयतें अन्न होई. मग तो अळ्या खाई, कोष खाई, कोषांतून बाहेर पडण्याच्या बेतांत असलेला भुंगेराहि खाई. आणि या अळ्यांच्या आश्रयानें वाढणारीं देशी परोपजीवींचीं पिल्लेंहि त्याच तडाख्यांत नाहींशीं होत. पोकळींत जें जें जिवंत, तें तें त्यानें संपविलें. शिल्लक राहत ते दोघेच: पानाबाहेर मोकळे हिंडणारे भुंगेरे, आणि टोपीखालीं झांकलेलीं अंडीं.

वरवर पाहणारा म्हणेल कीं, मग हा माइट माडाचा केवढा मित्र! भुंगेऱ्याची एवढी कत्तल दुसऱ्या कोणीं केली नाहीं. परंतु कत्तल झाली कीं माइटलाच खावयास उरत नसे, आणि तोहि उपासमारीनें नाहींसा होई. इकडे शिल्लक राहिलेले भुंगेरे एकाच सुमारास अंडीं घालीत. तीं बरोबरच फुटत. त्या अळ्या बरोबरच वाढत. अशा रीतीनें सर्व पिढ्यांची एकच पिढी होऊन बसे.

आतां देशी परोपजीवींची अवस्था पाहावी. एखाद्या गांवांत दरवर्षीं मुलें जन्मतात, म्हणून शाळेंत प्रत्येक इयत्तेला विद्यार्थी असतात व प्रत्येक इयत्तेच्या मास्तरांस काम असतें. समजा, कांहीं उत्पातामुळें त्या गांवांत सगळीं मुलें एकाच वयाचीं झालीं. पहिल्या वर्षीं सारा गांव पहिलींत. पहिलीचे मास्तर एकटेच आणि मुलें शेंकडों. पुढच्या वर्षीं पहिलीचा वर्ग ओस, व त्या मास्तरांना पुढील अनेक वर्षें उपवास. देशी गांधीलमाश्यांचें नेमकें असेंच झालें. त्यांतील प्रत्येक जात भुंगेऱ्याच्या ठराविक वयाच्या अवस्थेवर जगणारी. प्रौढपणीं तिचें आयुष्य थोडें. तिला हवी असलेली अवस्था संपली, आणि ती पुन्हां येण्यास कित्येक आठवडे लागणार. तोंवर ती जगे कशी? जी माशी माइटच्या तडाख्यांतून वांचली, ती या रिकाम्या आठवड्यांत मेली. नंतर जेव्हां अळ्यांचा महापूर आला तेव्हां बागेंत पहारेकरी म्हणून कोणी उरलाच नव्हता. पुढचा कोरडा ऋतु आला कीं माइट परत येई, पुन्हां सगळें कापून काढी, आणि बिघडलेली घडी जरा बसूं लागली असेल तर ती पुन्हां मोडी. ज्यानें सर्वांत अधिक भुंगेरे मारले, त्याच्यामुळेंच भुंगेरे माजले होते.

टेलर यांचें हें निदान कीटकशास्त्राच्या इतिहासांत फार वरच्या दर्जाचें मानलें पाहिजे. लेव्हुआनाच्या मोहिमेंत धाडस अधिक होतें. येथें विचार अधिक आहे. एका किड्याच्या उपद्रवाचें मूळ त्या किड्यांत किंवा त्याच्या शत्रूंच्या दुबळेपणांत नसून काळाच्या विस्कटलेल्या वेळापत्रकांत आहे, हें ओळखणें सोपें नव्हे.

निदान झाल्यावर औषधाचें वर्णन आपोआपच ठरलें. नुसता भक्षक आणून उपयोग नव्हता; सध्यांच्या या विचित्र परिस्थितींत टिकून राहील असाच हवा होता. तो अळीच्या एकाच वयावर अवलंबून असतां कामा नये. लहान अळी, मोठी अळी, कोष, जें मिळेल त्यावर त्याचें भागलें पाहिजे, म्हणजे त्याच्या उपवासाचे आठवडे कमी होतील. प्रौढ मादीचें आयुष्य इतकें लांब हवें कीं उरलेले रिकामे आठवडे ती तग धरून काढूं शकेल. शिवाय त्याची स्वतःची वाढ भुंगेऱ्याच्या वाढीपेक्षां जलद हवी, म्हणजे अळ्यांचा एक हंगाम संपण्याच्या आंत त्याची संख्या कित्येक पटींनीं वाढेल. थोडक्यांत, हुद्द्यासाठीं लागणाऱ्या गुणांची यादी आधीं तयार झाली आणि उमेदवाराचा शोध नंतर सुरू झाला. या शास्त्रांत तोंपर्यंत बहुधा उलटा क्रम चाले: मिळेल तो शत्रु आणावा, सोडावा आणि दैवावर हवाला ठेवावा.

शोध जावा बेटांत लागला. तेथेंहि माड विपुल, आणि त्यांच्या पानांत याच भुंगेऱ्याचा एक चुलतभाऊ राहतो. परंतु त्याला खाणाऱ्या परोपजीवींची तेथें रेलचेल असल्यामुळें तो सहसा डोईजड होत नाहीं. या परोपजीवींतून टेलर यांनीं एक काळसर, सूक्ष्म जात निवडली. तेव्हां तिला प्ल्यूरोट्रोपिस पार्व्हुलस म्हणत. पुढें शास्त्रज्ञांनीं तिचें पहिलें नांव बदलून पेडिओबिअस केलें. ‘पार्व्हुलस’ म्हणजे इवलासा. या इवल्या माशीची मादी पानाच्या पापुद्र्यांतून आपली अंडीं घालण्याची सुई खुपसते आणि आंत दडलेल्या अळीला किंवा कोषाला नेमकी गांठते. एकाच अळीच्या देहांत तिचीं अनेक पिल्लें पोसलीं जातात. अळी लहान कीं मोठी याची तिला फारशी पर्वा नाहीं, कोषहि तिला चालतो. आणि प्रौढ मादी दीर्घकाळ जगते. यादींतले गुण एकेक करून जुळत होते.

१९३३ सालीं ही माशी जावाहून फिजींत आणण्यांत आली. असा प्रवास दिसतो तितका साधा नसतो. धान्याची पोतीं किंवा कापडाचे गठ्ठे महिनाभर जहाजाच्या तळांत पडून राहिले तरी बिघडत नाहींत. पण येथें माल जिवंत, त्या मालाचें अन्न जिवंत, आणि अन्नाचें अन्न म्हणजे माडाचें पान तेंहि जिवंत ठेवावें लागतें. एक कडी तुटली कीं सर्व साखळी निकामी. शिवाय येतांना सोबत या उपकारी माशीचाच एखादा शत्रु चोरपावलांनीं आला तर सारी मेहनत फुकट. ही सर्व खबरदारी घेऊन माश्या फिजींत वाढविल्या गेल्या आणि उपद्रव झालेल्या बागांत सोडण्यांत आल्या.

परिणाम वर्षभरांत दिसून आला. माशी स्थिरावली, एका बागेंतून दुसऱ्या बागेंत पसरली, आणि भुंगेऱ्याचा जोर ओसरला. नवी पालवी हिरवी राहूं लागली. भुंगेऱ्यांच्या संख्येला आळा बसल्यावर माइटलाहि पूर्वीसारखी मेजवानी मिळेना, म्हणून त्याच्या स्वाऱ्याहि विरळ झाल्या. १९३७ सालीं लंडनच्या इम्पीरिअल इन्स्टिट्यूट ऑफ एंटॉमॉलॉजीनें टेलर यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो दोनशेंहून अधिक पृष्ठांचा असून एका बोटभरहि नसलेल्या किड्याविषयीं आहे. तो नंतरच्या कीटकशास्त्रज्ञांनीं पुनःपुन्हां वाचला याचें कारण मुख्यतः यशाचें वर्णन हें नसावें. उष्ण प्रदेशांतल्या बेटावर एखाद्या कीटकाच्या पिढ्या अशा एकजात कां होतात आणि तसें झालें म्हणजे कोणता शत्रु टिकतो व कोणता बुडतो, याचा इतका सविस्तर आणि मोजून काढलेला दाखला दुसरीकडे क्वचितच मिळतो.

त्याचा उपयोग हिंदी महासागरांतहि झाला. १९७० च्या सुमारास या भुंगेऱ्याची दुसरी एक जात, प्रोमेकोथेका कमिंगी, आपल्या शेजारच्या सिलोनांत, म्हणजे आजच्या श्रीलंकेंत येऊन पोंचली. ही मूळची फिलिपाइन्स-मलायाच्या बाजूची. सिलोनमध्यें माड म्हणजे प्रत्येक घराचें अन्न आणि देशाचें उत्पन्न. त्यामुळें धांदल उडाली. तेथील माडांचें रक्षण करतांना फिजीचा अनुभव हाताशीं होता. यावेळीं सिंगापुराहून डिमोकिया जाव्हानिका नांवाचा दुसरा परोपजीवी आणला गेला, आणि थोड्याच वर्षांत कीड आटोक्यांत आली. त्या कामाचा वृत्तान्त १९७७ सालीं एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याच्या तीन लेखकांत पहिलें आडनांव धर्माधिकारी असें आहे. मराठी वाचकाला तें ओळखीचें वाटल्यावांचून राहणार नाहीं. श्रीलंकेंतून ही कीड खाडी ओलांडून केरळांत आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्यानें वर सरकली असती, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या झावळ्याहि करपल्या असत्या, ही भीति कांहीं काल्पनिक म्हणतां येणार नाहीं.

या सर्व हकीकतीला एक दुसरी बाजूहि आहे. ज्या लेव्हुआना पतंगाविरुद्ध १९२५ सालीं माशी सोडली, तो पुढें दिसेनासा झाला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याचा मागमूस लागलेला नाहीं, आणि तो पृथ्वीवरून नाहींसाच झाला असें पुष्कळ जाणकारांचें मत आहे; कांहींनीं त्याबद्दल शंका घेतली आहे. त्याच माशीनें फिजींतल्या इतर निरुपद्रवी पतंगांनाहि गांठलें असावें, असा आक्षेप आहे. ज्यांचीं मुलें खोबऱ्यावर जगत होतीं त्यांना त्या काळीं हा हिशेब मांडण्यास सांगणें कठोरपणाचें झालें असतें. पण आज कोणतीहि सरकारी संस्था परदेशी कीटक आणतांना तो केवळ ठराविक किडीलाच खाईल कीं नाहीं याची वर्षानुवर्षें परीक्षा घेते, तिच्या मागें अशाच बेटांवरचे अनुभव आहेत.

भुंगेऱ्याचा प्रकार वेगळा झाला. जावाच्या माशीनें त्याला संपविलें नाहीं. संपविलें असतें तर ती स्वतःच उपाशी मेली असती. अधूनमधून एखाद्या बागेंत त्याची संख्या थोडी वाढे, माशीची वाढे, आणि मग दोघांची उतरे. त्याला मारण्यासाठीं दरवर्षीं औषध मारावें लागलें नाहीं, माणसें लावावीं लागलीं नाहींत, पैसाहि लागला नाहीं. माड वाऱ्यावर डुलत असतां त्याच्या पातीच्या खालच्या बाजूस मादी एकेक अंडें घालून चोथ्याची टोपी बसवीत राहिली, आणि कांहीं दिवसांनीं तेथेंच पापुद्र्यावर बसून इवली माशी आपली सुई आंत खुपसत राहिली.